इस्त्रीच्या शेडमधला दुसरा आवाज

आधी मावशीचं सांगतो, बाकीचं मागून. तिचं नाव लिहिणार होतो, पण तिनंच हात धरला. "नाव नोको टाकू बाबू, गावातल्या बाया हासतीन." म्हणून नाव नाही. बिरसीची मावशी, एवढंच. विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचे कपडे धुणारी, भाताच्या पेजेची खळ काढणारी, गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब करून बसणारी. मी या मुलखात टिकलो तो तिच्यामुळं. तिनं मला कसं टिकवलं ते मात्र मला फार उशिरा कळलं. तेही पिशवी भरून तिचा शेवटचा निरोप घ्यायला गेलो तेव्हा.

मी मंगळवेढ्याकडचा. आठवीत शाळा सुटली. सोडली असं मी म्हणत नाही, सुटली. सोलापुरात मामाच्या दुकानात इस्त्री शिकलो. मामा वारले, दुकान त्यांच्या जावयानं घेतलं, आणि मी पंचविशीला आलेला माणूस भावाच्या घरात दाराजवळ जेवायला बसू लागलो. तेव्हा एक ठेकेदार भेटला. म्हणाला, "गोंदियाकडं येतोस का? पायलट लोकांचे कपडे आहेत, पांढरेधोट. तुझा हात चांगला आहे." गोंदिया कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. गाडीत बसलो आणि महाराष्ट्र काही संपेना. उतरलो तर स्टेशनाबाहेर जो तो हिंदीत बोलत होता. मला धसकाच बसला. वाटलं, उतरायचं स्टेशन चुकलं, पुढच्या राज्यात आलो.

ही गोष्ट दोन हजार दहाच्या आगेमागेची. गोंदियाजवळच्या बिरसी गावात, विमानाच्या शाळेत तेव्हा पोरं पुष्कळ होती. आमची शेड शाळेच्या कुंपणाबाहेर, गावाच्या अंगाला होती. वर पत्रा, मागं धुण्याचा ओटा आणि हौद, पुढं माझं टेबल. वीज गावाच्या लाइनवरची. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या डोक्यावरून दिवसभर छोटी विमानं चढायची, वळायची, परत तिथंच उतरायची. मला त्या विमानांचं नवल फार दिवस वाटलं नाही. एवढं उंच जाऊन पुन्हा बिरसीलाच यायचं, यात काय मजा, असं वाटायचं.

मला सगळ्याचीच भीती वाटायची. शर्ट जळेल म्हणून भीती, खांद्यावरच्या पट्ट्या उलट्या लागतील म्हणून भीती, ठेकेदाराचा मुकादम हाक मारेल म्हणून भीती. आणि बोलायचीही. मी 'कशाला' म्हणायचो, इथं 'कायले' म्हणतात. मी 'चाललोय' म्हणायचो, इथं 'जाऊन राहिलो'. इथल्या बायाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मराठीच ती, पण दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं व्हायचं. चालता यायचं, पाय मात्र आत हलत राहायचा. म्हणून मी बोलणंच कमी केलं. एक पिशवी भरून टेबलाखाली ठेवली होती. दोन कपडे, टॉवेल, आईचा फोटो. रोज सकाळी ती पायानं आत सरकवायचो आणि मनात म्हणायचो, आजचा दिवस बघू, उद्या जाऊ.

मावशीनं पहिल्यांदा मला तोंड उघडायला लावलं ते डब्यावरून.

"काऊन गा बाबू, डबा तसाच?"

"भूक नाही."

"भूक नाई का भात नाई?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"तुमच्या इकडं का खातेत मंग?"

"भाकरी. ज्वारीची."

"ज्वारी?" तिनं पिळलेला शर्ट झटकला. "ते तं पाखरं खातेत."

तरी आठवड्याच्या बाजाराला ती गोंदियाला गेली आणि पीठ घेऊन आली. दुसऱ्या दिवशी फडक्यात भाकरी. तिला थापता कुठं येत होती! जन्मभर भात रांधलेला हात. भाकरी इतकी जाड की इस्त्रीखाली घालून पातळ करावी. मधोमध कच्ची. मी ती सगळी खाल्ली. मावशी समोर पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "चांगली नाई झाली न?" मी म्हटलं, "झाली." ती म्हणाली, "खोटारडा." त्या दिवशी गावाहून निघाल्यावर पहिल्यांदा मी हसलो असेन.

टेपरेकॉर्डर तिचाच. मुलगा सुरतेला कापडाच्या कामावर गेला आणि तो घरी ठेवून गेला. जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं तो शेडमध्ये आणला. "घरी पडून हाये. मी एकटीनं का वाजवू? तुया हाताले काम, कानाले बी कायतरी पाहिजे." तिच्याकडं चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांच्या दोन कॅसेटी होत्या. त्या आम्ही वाजवायचो. तिला सगळी पाठ, मला हळूहळू झाली.

मग म्हातारा मास्तर आला. विमान शिकवायला आलेला परदेशी माणूस, काळा, उंच, केस पांढरे झालेले. कुणी म्हणे अमेरिकेचा, कुणी म्हणे आफ्रिकेचा. विचारायची माझी छाती नव्हती. तो आपले कपडे स्वतः घेऊन यायचा, आणि आमचा टेप वाजत असला की दारात थांबायचा. एका रविवारी त्यानं खिशातून कॅसेट काढली, टेपकडं बोट दाखवलं आणि भुवया वर केल्या. मी घाईघाईनं आमची काढून त्याची घातली.

त्या कॅसेटचं नावही मी लिहीत नाही. मावशीचं नाही तर त्या गाणाऱ्यांचं तरी कशाला? डबीवर एका बाईचा चेहरा होता, मान थोडी मागं, डोळे मिटलेले, जसं कुणी केस विंचरताना मिटावेत. पहिलं गाणं सुरू झालं. आधी नुसता जाड तारेचा आवाज, कुणीतरी लाकडी जिन्यावरून उतरतंय असा. मग टाळ्या. मग मागं दोन-तीन बायकांचं 'ऊ' आणि मग ती बाई. ती ठेक्यावर येतच नव्हती. ठेका पुढं जायचा आणि ही उंबऱ्यात जरा थांबून, पदर सावरून आत यावं तशी मागून यायची. मास्तरनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सोल." मुकादम तिथंच होता, गोंदियाचा, हिंदीत बोलणारा. त्यानं मला समजावलं, "आत्मा बोल रहा है, आत्मा. तू इस्त्री कर."

मी इस्त्री करत राहिलो. आणि थोड्या वेळानं त्या गाण्यात तो माणूस आला.

हे नीट सांगतो, कारण सगळं याच्यावरच आहे. बाई गाता गाता आपला आवाज हळूच खाली ठेवायची, डोक्यावरची घागर उतरवावी तसा, आणि तिथून पुढचं एक पुरुष उचलायचा. जाड, दमलेला, ओला आवाज. तो आला की वाजवणारेही दमानं वाजवायचे. मला वाटायचं, मान देतात त्याला. थोडा वेळ तो गायचा, मग बाई पुन्हा त्याच्या हातातून गाणं वर घ्यायची. तिकडचं गाणं मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. असंच असेल म्हटलं. त्या दिवशी त्याचा आवाज पहिल्यांदा उतरला तेव्हा मास्तर मोठ्यानं हसला. मांडीवर थाप मारून हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि माझ्याकडं बघून काहीतरी बोलला. मला वाटलं, जुना दोस्त भेटल्याचा आनंद झाला असेल. मावशीनं मास्तरकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, मग माझ्या तोंडाकडं. आणि मागं जाऊन पुन्हा कपडे आपटायला लागली.

मास्तर जाताना ती कॅसेट टेपमध्येच आणि डबी टेबलावर ठेवून गेला. मागायला आला नाही.

पुढं किती वेळा ती कॅसेट ऐकली त्याला हिशेब नाही. शर्टांच्या चळतीबरोबर ती चालायची. एक बाजू संपली की मावशी मागून ओरडायची, "उलटव गा!" बाहेर मावशी कपडे आपटायची ते आपटणं हळूहळू टाळ्यांशी जुळायला लागलं. मला शब्दांतलं फारसं काही समजत नव्हतं. आठवीपर्यंतच्या इंग्रजीतला एक शब्द मात्र मला सापडला, 'होम'. दुसऱ्या बाजूच्या एका गाण्यात तो पुन्हा पुन्हा येतो. बाई म्हणायची तेव्हा हलका, चूल पेटवून दारात उभं राहून हाक मारावी असा. तोच शब्द तो माणूस म्हणायचा तेव्हा असा वाटायचा, की त्याला घराचा रस्ता माहीत आहे पण जायला तोंड नाही.

मग मी त्यांची गोष्टच करून टाकली. ती घरी आहे, तो लांब कामावर. तिला वाटतं तो येईल. त्याला माहीत आहे, जमणार नाही. दोघं एकाच गाण्यात असतात पण एकत्र कधीच गात नाहीत. हे मला तेव्हाच लक्षात आलं होतं आणि फार लागलं होतं. तो आला की ती नाही, ती आली की तो नाही. मला त्या बाईचं कौतुक होतं, पण सोबत त्या माणसाची होती. माझ्यासारखाच कुणीतरी. त्यालाही कुणाशी बोलता येत नाही, म्हणून गातो. सकाळी शेड उघडताना मनात असायचं, चला, तो यायचा आहे. एक दिवस खाली वाकलो तर टेबलाखालची पिशवी रिकामी. मीच कधीतरी टॉवेल काढला होता, कधी कपडे, फोटो भिंतीला लावला होता, आणि परत भरायचं राहून गेलं होतं. मावशी मागं उभी होती. पिशवी उचलून म्हणाली, "हे नेऊ का? बाजाराले कामी येईन."

"न्या की," मी म्हटलं.

तिनं मला एकदाच विचारलं होतं, "तुले त्या बाईपेक्षा तो बुढाच जास्त आवडते न?"

"म्हातारा नाही तो, मावशी. दमलेला आहे."

"हो का?" ती म्हणाली. "असन, असन." आणि पुढं रोज चेष्टा. गाण्यात तो उतरला की मागून हाक, "आला का तुया मानूस? चहा विचार त्याले!"

दुसऱ्या वर्षी गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला. लोकांचे पंखे जोरात फिरायला लागले. आमच्याकडं मात्र त्याच सुमारास एक विचित्र गोष्ट झाली. काही दिवस तो माणूस आलाच नाही. दोन्ही बाजू ऐकल्या, बाईच गातेय. मी कॅसेट काढून पुसली, बोटानं फिरवली, डबीत बघितलं. कामात लक्ष लागेना. भावाला गावाकडं फोन केला, म्हटलं, "येऊ का परत?" तो म्हणाला, "ये की, कोण नको म्हणतंय," पण ते अशा आवाजात की ऐकणाऱ्यानं येऊ नये. मावशीनं विचारलं, "कायले तोंड पाडून राहिला?" मी म्हटलं, "कॅसेट खराब झाली वाटतं. तो माणूस येईना." मावशी पेज गाळत होती. गाळता गाळता तिनं एकदा टेपकडं बघितलं.

दोन-तीन दिवसांनी ती घरून कॉइलची शेगडी घेऊन आली. भर उन्हाळा, आणि ही मागच्या भिंतीच्या प्लगाला शेगडी लावून पाणी तापवत बसलेली. मुकादम आला की तोंड सोडायचा. "मावशी, इतनी गर्मी में पानी काहे को गरम कर रही हो? लाइट का बिल कौन भरेगा?" ही म्हणायची, "खळीले गरम पानी लागते. तुले कडक कॉलर पाहिजे का नाई?" आधी तर गार पेजेचीच खळ होती. पण मी खळीतला नव्हे, मी इस्त्रीतला. आणि मला तेव्हा दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता. तो माणूस परत आला होता. पहिल्यापेक्षा थोडा कमी वेळ थांबायचा, पण यायचा.

पुढं हॉस्टेलमध्ये कपडे धुण्याची यंत्रं आली, शेड बंद झाली, ठेकेदार निघून गेला. मी गोंदियात रस्त्याच्या कडेला एक खोका घेतला, तिथंच इस्त्री लावली. मावशी बिरसीतच राहिली. टेप तिनं मला देऊनच टाकला. पण शहरात आल्यावर त्याचा आतला पट्टा तुटला आणि तसला पट्टा कुठं मिळेना. कॅसेटची डबी देवाच्या फोटोशेजारी फळीवर राहिली. शहराला माझी गरज इस्त्रीपुरती. "भैया, शाम तक हो जाएगा?" "हो जाएगा." दिवसभरात माझं बोलणं एवढंच. मावशीकडं जाणं सणावारी, मग त्याहून कमी. एकटेपणाची सवय होते असं म्हणतात. मला नाही झाली. मला फक्त तो लपवायची सवय झाली.

कॉलेजात जाणारी एक मुलगी ओढण्या इस्त्रीला आणायची. एकदा तिची नजर त्या डबीवर गेली.

"भैया, ये आप सुनते हो?"

"सुनता था."

तिला नवल वाटलं आणि गंमतही. तिनं मोबाइल काढला, डबीवरचं नाव बघून टाइप केलं. "ये तो पूरा एल्बम है इसमें. सोल म्यूज़िक का क्लासिक बोलते हैं इसको. लगाऊँ?"

मी इस्त्री उभी करून ठेवली. जाड तार जिन्यावरून उतरली. टाळ्या. बायकांचं 'ऊ'. मग ती. इतक्या वर्षांनी ती तशीच उंबऱ्यात थांबली आणि मागून आत आली. मला ती अधिक तरुण वाटली, अधिक धीट. मी वाट बघत होतो. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी 'होम'वाल्या गाण्यापर्यंत पुढं न्यायला लावलं. तिथंही बाईच, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, सरळ.

"इसमें वो आदमी नहीं है," मी म्हटलं.

"कौन आदमी, भैया?"

"जो साथ में गाता है."

तिनं पुन्हा बघितलं, खाली वाचलं. "नहीं भैया. सिंगर एक ही है. पीछे लेडीज़ कोरस है बस." आणि मग मायेनं म्हणाली, "आपने कोई और सुना होगा."

ती गेल्यावर मी इस्त्री गरम केली. शर्ट पसरला. आणि इस्त्रीचा लाल दिवा लागलेला बघितला. आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला. इतकी वर्षं माझी नजर कापडावर, जळेल म्हणून. दिवा लागतो म्हणजे इस्त्री वीज ओढते. वीज ओढली की त्या काळी बिरसीत पंखा मंद व्हायचा, हे मला माहीत होतं. पंखा मंद होतो तर टेपही होणारच. टेप मंद झाला की बाईचा आवाज जाड होतो, दमतो, ओला होतो. इस्त्री तापली, दिवा विझला की ती पुन्हा ती.

तो माणूस कधी नव्हताच. मला ज्याची सोबत वाटत होती तो माझ्याच हातातल्या इस्त्रीनं केलेला होता. तो हसणारा म्हातारा मास्तर आठवला. कानशिलं गरम झाली. हसू यायला हवं होतं, आलं नाही. एखाद्याच्या मयताची बातमी इतक्या वर्षांनी कळावी तसं झालं, आणि रडायचं तरी कुणासाठी? गोंदिया एकदम परकं झालं, पहिल्या दिवशी स्टेशनाबाहेर होतं तसं. काय करतोय मी इथं? कुणाच्या आधारावर राहिलो इतकी वर्षं? दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचे कपडे पोचवले, खोक्याला कुलूप लावलं, पिशवी भरली. टेप लुगड्यात गुंडाळला. म्हटलं, ज्याचा त्याला देऊ, मावशीच्या पाया पडू आणि जाऊ गावाला. भावाच्या दाराजवळ का होईना.

कापणी उरकलेली होती. मावशी अंगणात उकडलेलं धान उन्हात पसरून पायानं सारखं करत होती, एका पायानं, दुसरा दुखरा. मला बघून म्हणाली, "ये गा. पिशवी घेऊन आला? बाजार करून आला का?"

"गावाला चाललोय मावशी. कायमचा."

तिचा पाय थांबला. "काऊन?"

मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. मोबाइल, ती मुलगी, लाल दिवा.  मावशीनं पूर्ण ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "आत्ता समजलं तुले?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मले तं पह्यल्याच दिवशी समजलं. दिवा लागला का तो ये, दिवा गेला का बाई. तो बुढा मास्तर कायले हासत होता मंग?"

"मग सांगितलं का नाही?"

"कायले सांगू?" ती चिडूनच बोलली. "तुया टेबलाखाली पिशवी भरून होती. मी रोज शेड झाडाले येवो, रोज पायत होतो. आज जाते का उद्या जाते. मंग तो आला आन् पिशवी रिकामी झाली. मी म्हनलं, असू दे. एक मानूस भेटला पोराले. कोनाचं का जाते?"

अंगणात कोंबडी धानावर आली. तिनं हात हलवून हाकलली. आणि मला एकदम तो उन्हाळा आठवला.

"मावशी, ती शेगडी..."

"का शेगडी?"

"खळीला गरम पाणी लागत नव्हतं."

ती पायानं पुन्हा धान सारखं करायला लागली. मग म्हणाली, "नवा डबा बसवला न खांबावर, तं लाइन लय जोरात आली. तुया इस्त्रीनं ती उतरेच ना. मी म्हनलं, दोन वस्तू लावल्या तं उतरन. उतरली." आणि पुढं जरा हसून, "मुकादमाच्या शिव्या फुकटच्या खाल्ल्या बाप्पा तुया मानसापायी."

 भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली, मागच्या भिंतीशी बसलेली ती डोळ्यांसमोर आली. घामानं डबडबलेली, तापलेल्या कॉइलीसमोर, कशाला न लागणारं पाणी उकळत. का, तर पुढं टेबलाशी उभ्या असलेल्या परमुलखातल्या एका माणसाला त्याचा सोबती भेटावा. आणि ती मागून ओरडायची, "आला का तुया मानूस? चहा विचार त्याले!"

"मले बी तो बरा वाटे," ती आपणच म्हणाली. "पोरगा फोन करे, दोन मिन्टं बोले, ठेवे. हा रोज येत होता. समजत काही नव्हतं, पन रडनं चांगलं होतं त्याचं." मग पिशवीकडं बघून, "आता जाऊन राहिला का थांबून राहिला, ते सांग. भात टाकाचा हाये."

मी म्हटलं, "टाक."

जेवताना तिनं सांगितलं तसं मी पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली. टेप तिनं परत घेतला नाही. "बिघडला हाये तं मी का करू त्याचं? दुरुस्त कर आन् मंग आन."

मी गोंदियाला परतलो आणि खोका उघडला. पुढं स्वस्तातला मोबाइल घेतला तेव्हा पहिल्यांदा ती गाणीच त्यात भरून घेतली. आता अधूनमधून ऐकतो, बरोबर वेगात, बाईच्या खऱ्या आवाजात. पहिल्यांदा नुसता राग यायचा, माझं काहीतरी काढून घेतल्याचा. मग हळूहळू तिचं गाणं मला पुन्हा नव्यानं ऐकू यायला लागलं. 'होम' म्हणताना शेवटच्या खेपेला ती आपणहून खाली उतरते, कुठलीही इस्त्री न लागता, आणि तिथं एक क्षणभर थांबते. पूर्वी तिथं तो बोलायचा. आता तिथं जागा आहे. लोक तिला इतकी वर्षं का ऐकतात याला शिकलेले लोक बरंच काही म्हणत असतील. मला एवढंच कळतं की ती गाणं काठोकाठ भरत नाही. थोडी जागा ठेवते, ऐकणाऱ्यानं आपला माणूस आणून बसवावा म्हणून. मी बसवला होता. मावशीनं त्याला उठू दिलं नाही.

एकटेपण गेलं असं लिहिलं तर मावशी पुन्हा खोटारडा म्हणेल. गेलं नाही. पण पिशवी आता भरलेली नसते.

टेपचा पट्टा अजून मिळालेला नाही. नागपूरला एक जण आहे म्हणतात, जुन्या वस्तूंचे भाग ठेवतो, त्याच्याकडं जाऊन यायचं आहे. मावशीचा गुडघा आता फार धरतो, कानही एका बाजूचा कमी झालाय, म्हणून मनात धास्ती असते की उशीर होईल. तरी मावशी, हे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. एक दिवस टेप घेऊन, इस्त्री घेऊन तुझ्या अंगणात येईन. लाइन कितीही जोरात असू दे, शेजारपाजारच्या सगळ्या शेगड्या गोळा करून आणीन. तू पाय लांब करून ओट्यावर बसायचंस आणि चांगला कान इकडं करायचास. त्याला खाली उतरवणं माझ्याकडं. चहाही त्याला मीच विचारीन.